ट्रॅक्टर-गाडी छपराखाली की उघड्यावर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा जास्त येतात, एकदा मृग लागायच्या आधी आणि एकदा खंडेनवमीला औजारं धुवायला काढली की. म्हणून सगळी उत्तरं एका जागी घातलीत. एक उत्तर दुसऱ्यात घुसतंय तिथं नंबर दिलाय, तो बघा. ट्रॅक्टर म्हटलंय तिथलं बहुतेक सगळं जीप, पिकअप, कारलाही लागू आहे.

१. ट्रॅक्टर बाहेर ठेवल्याने खरंच एवढं काय बिघडतं? आमच्याकडं तर सगळ्यांचे वर्षानुवर्षं बाहेरच उभे असतात.

इंजिनाला लगेच काही होत नाही, म्हणूनच तर सगळ्यांचे बाहेर असतात. बिडाचा ब्लॉक चार पावसाळ्यांना दाद देत नाही. बिघडतं ते आजूबाजूचं. टायरच्या बाजूला बारीक चिरा पडतात, सीटचं रेक्झिन फाटून आतला स्पंज पाणी धरून बसतो, मीटरची काच पिवळी पडून इंजिन किती तास चाललं ते वाचता येत नाही, वायरींवरचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं आणि मग एक दिवस लाईट लागत नाही म्हणून इलेक्ट्रिशियन शोधत बसायचं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गिअरच्या दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी बुटाकडं. उन्हाने ते तडकतं, फट पटकन दिसत पण नाही, आणि पाऊस लागला की पाणी दांड्यावरून ओघळत थेट गिअरबॉक्समध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी आत गेलंय असं समजा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं, त्यामुळे सगळंच काढून नवीन भरावं लागतं. आता ते बूट किती स्वस्त येतं ते दुकानात विचारा आणि ऑइलचा हिशोब तुमचा तुम्हीच करा.

२. जास्त वाईट काय, ऊन की पाऊस?

कुठं राहता त्यावर आहे. अकोला, चंद्रपूर, जळगावकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथं रबर, रंग, सीट, बॅटरीतलं पाणी हे सगळं ऊनच खातं, पाऊस त्यामानाने परवडला. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने हवाच ओली, तिथं गंज आणि बुरशी. पश्चिम महाराष्ट्रात दोन्ही थोडं थोडं.

पण आमचं मत विचाराल तर पाऊसही खरा शत्रू नाही, ओल खरी शत्रू आहे. पाऊस पडून गेला, ऊन पडलं, वारा लागला, गाडी वाळली तर फार बिघडत नाही. चिखल, ओला पालापाचोळा, ओली ताडपत्री, कोंदट शेड यांच्यामुळे जी ओल आठवडेच्या आठवडे पत्र्याला धरून राहते ती पत्रा खाते. पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीवर आहेत.

३. शेड बांधायला आत्ता पैसे नाहीत, ताडपत्री टाकून ठेवली तर चालेल का?

चालेल, पण घट्ट गुंडाळून नको. ट्रॅक्टरला ताडपत्री गुंडाळली की जमिनीतली वाफ वर येते, ताडपत्रीला आतून थेंब धरतात आणि ते बॉनेटवर ठिबकत राहतात, म्हणजे बाहेर पाऊस नसला तरी आत पाऊस चालूच. वरून वाऱ्याने ताडपत्री फडफडली की रंग घासून निघतो, कोपऱ्यावर तर पार लोखंड दिसेपर्यंत.

त्यापेक्षा चार बांबू किंवा जुने पाइप रोवा, वर ताडपत्री उतरती ताणून बांधा, बाजू मोकळ्या सोडा. ट्रॅक्टरच्या वर दीड-दोन फूट हवा खेळली पाहिजे. मध्ये झोळ पडला तर पाणी साठून अख्खं छप्पर खाली येतं, म्हणून उतार जरा जास्तच द्या. हिरवी शेडनेट फक्त उन्हाची सोय आहे, पावसात ती असून नसल्यासारखी. मराठवाड्यात, विदर्भात मार्च ते मे शेडनेट आणि जूनला तिच्यावरच ताडपत्री असं करणारे बरेच आहेत आणि ते ठीक आहे.

४. सायलेन्सरवर डबा उपडा घालतात तो कशासाठी? नुसता देखावा ना?

देखावा अजिबात नाही, बाहेर उभ्या ट्रॅक्टरचं हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. उभा सायलेन्सर म्हणजे आभाळाकडं तोंड केलेला पाइप, पाणी आत गेलं तर मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे सायलेन्सर इंजिनाला जोडतो तिथपर्यंत जातं आणि एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर थेट पिस्टनच्या डोक्यावर. मग सेल्फ मारला की पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काही ट्रॅक्टरना वर झाकण असतं पण ते गंजून अर्धं उघडंच अडकतं, हाताने हलवून बघत जा. ज्यांचा सायलेन्सर खालून आडवा आहे त्यांना ही काळजी नाही.

डबा न काढता चालू केला तर तो उडतो आणि शेजारच्यांना कळतं, बाकी काही होत नाही. पाणी गेल्याची शंका असेल तर मात्र सेल्फ मारू नका, आधी मेकॅनिक.

५. शेड किती मोठं बांधू? तोंड कुठल्या दिशेला ठेवू?

नुसता ४०-५० एचपीचा ट्रॅक्टर साधारण बारा फूट लांब आणि सहा-सात फूट रुंद असतो. पण नुसता ट्रॅक्टर कोण ठेवतो? मागे रोटाव्हेटर लावलेला असतो, तोही काढायचा कंटाळा, म्हणजे लांबी सोळा-सतरा फुटांवर गेली. दोन्ही बाजूंना माणूस वाकून ग्रीस मारू शकेल एवढी, म्हणजे तीन-तीन फूट जागा सोडा. बारा बाय वीसच्या खाली गेलात तर पुढच्या वर्षी पस्तावाल. उंची सायलेन्सर धरून, आणि वर हूड लावलेलं असेल तर ते धरून. दरवाजाच्या तोंडाशी दहा फूट मोकळी उंची असली की पुढे कुठलाही ट्रॅक्टर घेतला तरी प्रश्न नाही.

दिशेचं असं आहे की आपल्याकडं पावसाळ्यातली झड पश्चिम आणि नैऋत्येकडून येते. त्या दोन बाजू बंद, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पूर्वेला असलं तर सकाळचं कोवळं ऊन आत जाऊन रात्रीचं दव वाळतं, हा मोठा फायदा. छपराचा खालचा उतार झडीच्या बाजूला घ्या, उंच बाजू तोंडाकडं. भिंती वरपर्यंत बंद करू नका, छपराखाली फूटभर जाळी किंवा मोकळी फट पाहिजेच, का ते प्रश्न १४ मध्ये आहे.

आणि पत्रा उडतो हे विसरू नका. जूनच्या आधी वळवाच्या पावसात जी वावटळ येते ती पत्रा खालून उचलते, त्यामुळे वजन ठेवून उपयोग नाही. पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवलेली शेडं गावोगाव दिसतात, वारा सुटला की तेच दगड खाली उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. जे-हुक किंवा स्क्रू वॉशरसकट लावा, कडेच्या ओळीत जवळजवळ लावा कारण फाटायला सुरुवात कडेपासून होते, आणि खांब काँक्रीटमध्ये रोवा. काळी माती असेल तर खोल जा, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वर वर रोवलेला खांब दोन वर्षांत तिरका होतो.

६. खाली कोबा करावाच लागेल का? माती ठेवली तर?

कोबा झाला तर उत्तम, पण मुरूम चालतो. नुसती काळी माती नको, ती ओल धरते आणि खालून चेसिसला वाफ देते. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा नऊ इंच ते फूटभर उंच भराव, वर मुरूम पाणी मारून दाबलेला, कडेने पाणी जायला चर. कोबा करणार असाल तर बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, धुतलेलं पाणी आत साचायला नको.

७. शेतात शेड घालायला एनए (बिगरशेती परवानगी) लागतं का?

स्वतःच्या शेतात, स्वतःच्याच शेतीच्या औजारांसाठी शेड असेल तर सहसा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरच्या इमारतीची जी व्याख्या आहे तिच्यात औजारं, खत, वैरण ठेवायची जागा आणि जनावरांचा निवारा येतो. शहराच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून जमीन असेल तर नियम बदलतात, तिथं आधी तलाठ्याकडं आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारा. त्याच शेडमध्ये लोकांच्या गाड्या भाड्याने लावायला किंवा गॅरेज चालवायला लागलात तर तो धंदा झाला, मग ही सवलत सांगू नका.

८. शेडमध्ये जागा एकाचीच आहे आणि औजारं पाच-सहा. आत काय ठेवू, बाहेर काय?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर बहुतेक लोक किमतीवरून ठरवतात, जे महाग ते आत. तसं नका करू. ज्यात रबर, वायर, बेअरिंग, रसायन आहे ते आत, जे नुसतं जाड लोखंड आहे ते बाहेर.

ट्रॅक्टर आत, यात वाद नाही. त्याच्यानंतर पहिला नंबर फवारणीच्या ब्लोअरचा आणि खताची पेटी असलेल्या पेरणी यंत्राचा. खत हवेतलं पाणी ओढून घेतं, पेटीच्या तळाला मूठभर युरिया किंवा डीएपी राहिला की पहिल्या पावसात त्याचा रबडा होतो आणि पत्रा आतून खायला लागतो, वरून रंग मस्त आणि बोट लावलं की आरपार. पेटी उलटी करून झटका, खताचे पाइप काढून पाण्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच आत ठेवा. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना ब्लोअरचं वेगळं सांगायला नको, बोर्डो या बुरशीनाशकातला मोरचूद लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो, टाकीत उरलेलं द्रावण तसंच ठेवून सीझन संपवला तर पंप पुढच्या सीझनला उघडावाच लागतो.

रोटाव्हेटर मधला. जागा असेल तर आत, नसेल तर बाहेर, पण पात्यांत गुंडाळलेलं गवत आणि चिखल काढून, आणि पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद औजाराला देणारा फिरता दांडा) मात्र सोडवून आत ठेवा, ती घरात भिंतीला टेकवूनही राहते.

पल्टी नांगर, कल्टिवेटर, सरी रिजर, केजव्हील हे बाहेर राहिले तरी चालतं. फक्त फाळाचा जो भाग मातीत घासून चकचकीत झालाय त्याला ग्रीस किंवा जळकं ऑइल फासा, नाहीतर त्यावर गंज चढला की पुढच्या वेळी माती चिकटते, ट्रॅक्टर ओढतो आणि डिझेल जास्त जातं. पल्टी नांगराच्या हायड्रॉलिक सिलिंडरचा चमकणारा दांडा पूर्ण आत ओढलेला पाहिजे. तो दांडा बाहेर राहून त्याला खड्डे पडले की सील कापलं जातं आणि ऑइल गळत बसतं.

ट्रॉली बाहेरच. ऊस संपला की कोल्हापूर-सांगलीकडं ट्रॉल्या पुढच्या सीझनपर्यंत उभ्याच असतात, त्या किंचित उतारावर लावा आणि मागचं फाळकं उघडं ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. तळातला पाचटाचा थर झाडून काढा, त्याच्याखाली पत्रा सगळ्यात आधी जातो.

९. वेगळं शेड कशाला, गोठ्यातच एका कडेला ट्रॅक्टर लावला तर?

पंधरा दिवस अडचण म्हणून ठीक, कायमचं नको. जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि तो तांब्या-पितळेला धरतो, म्हणजे वायरींची टोकं, डायनामोची जोडणी, रेडिएटर. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट थर वारंवार येत असेल तर एक कारण हे असतं. शिवाय ट्रॅक्टर सकाळी चालू केला की धूर जनावरांच्या तोंडात. मध्ये निदान पूर्ण उंचीची भिंत घाला. खताच्या पोत्यांचंही तसंच, ट्रॅक्टरच्या शेजारी थप्पी लावू नका.

१०. शेड बांधल्यापासून उंदरांनी वायरी खाल्ल्या, बाहेर होता तेव्हा असं नव्हतं. मग बाहेरच बरा होता का?

तक्रार खरी आहे, बाहेरच्यापेक्षा शेडमध्ये उंदीर जास्त. पण उंदीर ट्रॅक्टरसाठी येत नाही, त्याच्या शेजारी ठेवलेल्या धान्य, पेंड, कडब्यासाठी येतो आणि वायरी त्याला दात घासायला सोयीच्या पडतात. कडबा आणि पोती तिथून हलवली की निम्मा प्रश्न संपतो. कडबा हलवायचं दुसरं कारण आग. शेतातून आलेला ट्रॅक्टर, लालभडक सायलेन्सर आणि हाताच्या अंतरावर वाळका कडबा, यात बाकी काही सांगायची गरज नाही.

बॉनेट रात्री उघडं ठेवतात काहीजण, उंदराला अंधार आणि ऊब पाहिजे असते त्यामुळे त्याचा थोडा उपयोग होतो. डांबरगोळ्या चार दिवस चालतात. पिंजरा लावा, भिंतीच्या बुडाची बिळं बुजवा. उंदराच्या मागे साप येतो, त्यामुळे पावसाळ्यात सीटखाली हात घालायच्या आधी टॉर्च मारून बघा.

आणखी एक कुणी सांगत नाही ते म्हणजे कुंभारीण माशी. ती मातीचं घर करते आणि तिला बारीक भोकं फार आवडतात. डिझेल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तिने लिंपलं की ट्रॅक्टर चालू होतो, दहा मिनिटं चालतो आणि बंद पडतो, झाकण सैल केलं की परत चालतो. लोक पंप काढून देतात आणि दोष निघतो चिमूटभर मातीत.

११. पेरणी झाली, आता दोन-तीन महिने ट्रॅक्टर हलणार नाही. काय करून ठेवू?

शेडमध्ये असो की बाहेर, हे करून ठेवा.

धुवा, पण प्रेशरचा फवारा बेअरिंगवर, डायनामोवर, सेल्फवर धरू नका. धुतल्यावर उन्हात उभा करा आणि सगळीकडं ग्रीस मारा, धुण्याने जिथं पाणी शिरलं असेल तिथून ग्रीस त्याला बाहेर ढकलतं. डिझेल टाकी फुल करा. अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा, रात्री गार पडली की त्या हवेतल्या वाफेचं पाणी होऊन टाकीच्या तळाला बसतं. उघड्यावर असेल तर टाकीला कुलूप लावा.

औजार उचललेलं ठेवू नका, जमिनीवर टेकवा. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवला तर ओलीने ब्रेक चिकटतो, त्यापेक्षा गिअरमध्ये टाका आणि चाकांना दगड लावा. क्लच पण चिकटतो, कोकणात तर हमखास. काही ट्रॅक्टरना क्लच दाबून अडकवायची कडी असते, नसेल तर पेडल दाबून लाकडी ठोकळा लावा. चिकटलेला क्लच सोडवायला गिअरमध्ये टाकून सेल्फ मारणारे लोक आहेत, शेडमध्ये हा प्रयोग करू नका, समोर भिंत असते.

टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा आणि महिन्यातून एकदा ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे घ्या म्हणजे वजन एकाच जागी राहणार नाही. बॅटरीचं प्रश्न १३ मध्ये.

१२. मी दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करतो. बरोबर आहे ना?

नाही. पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही, आत तयार झालेली वाफ बाहेर पडत नाही, ती ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. वर सेल्फने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी परत भरत पण नाही. चालू करायचाच तर वीसेक मिनिटं, बाहेर काढून, गावात एक चक्कर मारून आणा. नाहीतर शांत उभा राहू द्या, ते परवडतं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून आत थांबू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आधी गुंगतो मग पडतो.

१३. बॅटरी काढून घरात ठेवतो, पण फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात ते खरं का?

जुन्या काळी बॅटरीचं खोकं लाकडाचं किंवा कडक रबराचं असायचं तेव्हाची गोष्ट आहे ती. आत्ताच्या प्लॅस्टिकच्या खोक्यातून फरशीत काही उतरत नाही. बॅटरी आपली आपणच थोडी थोडी उतरते, आणि गरम जागी जास्त वेगाने. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. साध्या मीटरवर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करून घ्या, १२ च्या खाली महिनाभर पडली तर प्लेटांवर जो थर बसतो तो मग निघत नाही. उन्हाळ्यात ट्रॅक्टर बाहेर असेल तर डिस्टिल्ड वॉटर आठवड्याला बघा. नळाचं पाणी नको.

१४. आमचा ट्रॅक्टर कायम शेडमध्ये असतो तरी खालून गंजलाय, शेजाऱ्याचा बाहेर असून बरा आहे. असं कसं?

कारण छप्पर वरून येणारं पाणी अडवतं, गाडीबरोबर आत आलेलं नाही. चिखलणी करून आलात, चिखलासकट शेडमध्ये लावला, दार लावलं, चारही बाजूंनी पत्रा. तो चिखल तिथं आठ-आठ दिवस ओला राहतो. शेजाऱ्याचा बाहेर होता, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, वाळला, चिखल गळून पडला. बंद आणि ओलं यापेक्षा उघडं आणि वाळकं कधीही बरं.

दुसरं कारण पत्रा स्वतः. थंडीत पहाटे पत्रा गार पडतो, आतल्या हवेतली वाफ त्याला खालून धरते आणि थेंब पडतात. आत ओला चारा, पाण्याची टाकी असेल तर जास्तच. उपाय म्हणजे हवा, पत्र्याखाली फट आणि समोरासमोर दोन बाजूंना जाळी. आणि शिस्त अशी की ओली गाडी रात्रभर बाहेर किंवा तोंडाशी उभी करायची, निथळली की आत. सासूबाई ओलं पातेलं फडताळात ठेवू देत नाहीत तोच नियम.

१५. मोठ्या झाडाखाली लावतो, सावली पण मिळते. मग शेड कशाला?

एप्रिल-मेमध्ये चांगलंच आहे. पण आंब्याचा चीक, जांभळाचे डाग, पक्ष्यांची शीट हे उन्हात भाजलं की रंगात मुरतं, त्याच दिवशी पाण्याने धुवा. पर्जन्यवृक्षाखाली गाडीवर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. नारळाखाली लावू नका, याला कारण द्यायला नको.

पावसाळ्यात झाड सोडाच. मुंबई-पुण्यात दर जूनला गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या गाड्यांवर पडतात. झाडाखाली पाऊस थांबला तरी तासभर ठिबकत राहतं, जमीन वाळत नाही आणि वर वीज पडायचा धोका. गारपीट आली तर मात्र झाड नसण्यापेक्षा बरं, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी झाली तसल्या गारांत काचा वाचवायला काहीही चाललं असतं.

१६. आम्ही समुद्रापासून जवळ आहोत, शेडमध्ये ठेवूनही पत्रा भुगा होतो.

खारी हवा छपराखाली पण येते. मिठाचा थर बसतो, तो ओल ओढून घेतो आणि पाऊस नसतानाही गंज चालू राहतो. गंमत म्हणजे उघड्यावरच्या गाडीचं मीठ पाऊस धुऊन नेतो, शेडमधल्या गाडीचं कोणी धुत नाही. म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडं शेडमधली गाडी पण पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने खालून धुवायची. समुद्राच्या बाजूची भिंत पूर्ण बंद, पावसाळ्यात तिथं झापं लावली तरी चालतात. किनाऱ्यावर वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी धुवा.

१७. सोसायटीत ओपन पार्किंगच मिळालंय. कारला, बाईकला कव्हर घालू की नको?

गाडी रोज वापरता तर नको. रोज धुळीवरून कव्हर ओढून काढणं म्हणजे रोज पॉलिश पेपर मारणं. महिना-दीड महिना गावाला चाललात तर घाला, पण धुऊन, वाळवून, आणि हवा जाणारं कापडी कव्हर, चकचकीत प्लॅस्टिकचं नाही (प्रश्न ३ मधलं ठिबकणं इथंही तेच). बाईकचा सायलेन्सर गार झाल्याशिवाय घालू नका, चिकटलेलं कव्हर खरवडून निघत नाही. उन्हात उभ्या कारमध्ये लायटर, सेंटची बाटली, पॉवर बँक ठेवू नका.

१८. शेड नदीकडच्या रानात आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर तिथंच ठेवू का?

नाही. इथं उघडी उंच जागा चांगल्या शेडपेक्षा बरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला जो पूर आला त्यात छपराखालच्या गाड्या पण गेल्याच, तळघरातल्या पार्किंगमधल्या तर आधी. धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की गावठाणात किंवा माळावर नेऊन उभा करा, सायलेन्सरवर डबा घालून. पूरपट्ट्यात असाल तर बॅटरी काढलेली ठेवू नका आणि प्रश्न ११ मधला क्लचचा ठोकळाही नको, रात्री दोन वाजता घाईत हलवायची वेळ येते.

बुडालाच तर पाणी ओसरल्यावर सेल्फ मारायचा नाही, चावी पण फिरवायची नाही. बॅटरीच्या वायरी सोडवा, आहे तसे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग मेकॅनिककडून इंजिन, गिअर, डिझेल, एअर फिल्टर सगळ्यातलं पाणी काढून घ्या.

१९. बाहेर उभा असताना चोरी झाली किंवा झाड पडलं तर विमा मिळतो का?

नुसता थर्ड पार्टी असेल तर तुमच्या नुकसानाचा एक रुपया नाही. तो कायद्याने घ्यावाच लागतो म्हणून घेतलेला असतो आणि लोकांना वाटतं विमा आहे. स्वतःचं नुकसान धरणारी पॉलिसी असेल तर चोरी, आग, पूर, वादळ, झाड हे सहसा बसतं. अख्खी गाडी न जाता नुसती बॅटरी किंवा टायर गेले तर बऱ्याचदा बसत नाही, ते पॉलिसीत वाचून बघा. कारला पाणी शिरून इंजिन गेलं तर त्यासाठी वेगळं जोड कव्हर असतं. ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरमध्ये आपोआप येतो असं धरून चालू नका. चावी ट्रॅक्टरलाच ठेवायची सवय असेल तर आज सोडा, क्लेमच्या वेळी चाव्या मागतात.

२०. इलेक्ट्रिक स्कूटर बाहेर पावसात ठेवली तर?

भिजली तर चालतं, भर पावसात उघड्यावर चार्ज करणं नको. तिला पाण्यापेक्षा ऊन वाईट. महिनाभर उभी राहणार असेल तर सावलीत आणि बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून, फुल पण नको आणि संपलेली पण नको.

२१. ट्रॅक्टर पंधरा वर्षं जुना आहे, दोन-तीन वर्षांत विकायचाय. आता शेड बांधणं परवडेल का?

फक्त त्याच्यासाठी असेल तर नाही. त्याला प्रश्न ३ मधला मांडव करा, गिअरचं बूट आणि सायलेन्सरचा डबा सांभाळा, सीट नवीन बसवा. घेणारा आधी टायर बघतो, मग ऑइल, मग इंजिनाचा आवाज, आणि सीट फाटकी दिसली की मालकाने बाकीचंही असंच ठेवलं असणार असं धरून भाव पाडतो.

पण हा विकून नवीन घेणार असाल तर शेड आधी, ट्रॅक्टर नंतर. नवीन ट्रॅक्टर आला की हप्ते चालू होतात आणि शेड पुढच्या वर्षावर जातं, त्याच्या पुढच्या वर्षी परत पुढच्या वर्षावर. सगळं एकदम नाही झालं तरी खांब आणि छप्पर आधी घाला, भिंती आणि कोबा नंतर. खांब रोवताना मात्र नव्या ट्रॅक्टरची उंची शोरूममध्ये जाऊन टेप लावून मोजून आणा, जुन्यावरून अंदाज बांधू नका.